तिथी पाहून समुद्राकडे: मुरुड, हर्णै आणि आंजर्ल्यात चार दिवस

आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन कोकणातल्या किनाऱ्यावर जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी सुट्टी बघतात, मग खोली शोधतात. तिथी कुणी बघत नाही. मग होतं असं, की अष्टमी-नवमीच्या सुमारास पोचलेल्या कुटुंबाला ओहोटी भर दुपारी बाराच्या पुढेमागे मिळते. चालण्यासारखी ओली, घट्ट वाळू उघडी पडते तेव्हा डोक्यावर ऊन असतं. सकाळ-संध्याकाळी पाणी वर चढलेलं, चालायला उरते ती वरची मऊ सुकी वाळू. आजोबांचे गुडघे तासाभरात बोलायला लागतात, मुलं कंटाळतात आणि चार दिवसांचा समुद्र गॅलरीतून बघण्यात जातो.

किनाऱ्यावरच्या गावांतला जुना हिशोब सोपा आहे. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येणारा आकडा म्हणजे बारानंतर तितक्या तासांनी भरती, दुपारीही आणि रात्रीही. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हिशोब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतं. त्यातून मुंबईच्या दक्षिणेला भरती मुंबईच्या थोडी आधी येते, म्हणून नक्की वेळेसाठी जवळच्या बंदराचं कोष्टक बघावं. पण सहल कधी काढायची हे ठरवायला एवढा हिशोब पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती दुपारी आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी येते. ऊन चढतं तेव्हा समुद्र वर, ऊन उतरतं तेव्हा वाळू मोकळी. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर याहून चांगलं वेळापत्रक नाही.

म्हणून ही सहल माघ वद्य त्रयोदशी ते फाल्गुन शुद्ध प्रतिपदा अशी बांधली आहे. मधे महाशिवरात्रीची सुट्टी मिळते, उकाडा अजून चढलेला नसतो, समुद्र शांत असतो आणि कासवांच्या घरट्यांचा हंगाम चालू असतो. मुक्काम चारही दिवस एकाच ठिकाणी, दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या मुरुडला. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव. रोज नवं गाव आणि नवी खोली केली तर निम्मा वेळ गाडीत आणि बॅगांत जातो. समुद्राचा उपयोग व्हायचा तो त्याच वाळूवर पुन्हापुन्हा गेल्याने होतो.

पहिला दिवस: त्रयोदशी

मुंबईहून महाड, पोलादपूर, खेड असं यायला साधारण २३० किलोमीटर आणि सहा-सात तास धरावेत. पुण्याहून ताम्हिणी आणि माणगावमार्गे थोडं कमी. रेल्वेने यायचं तर खेडला उतरावं. घाटात उलटी होणाऱ्या मुलाला समोरचं दिसेल असं बसवावं, हातात मोबाइल देऊ नये आणि निघताना पोटात दूध नको, कोरडी पोळी किंवा चुरमुरे असावेत. पहाटे साडेपाचला निघालं तर दुपारच्या जेवणाला मुरुड गाठता येतं.

त्रयोदशीला भरती सकाळी पावणेदहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी चारला. साडेचारला किनाऱ्यावर उतरलं की पाणी खूप आत गेलेलं असतं. आज पोहणं नाही, किल्ला नाही. आज फक्त चालायचं.

कुठे चालायचं याला महत्त्व आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजलं होतं की सुक्या, मऊ वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा त्याच वेगाला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. पाय रुततो, वाळू मागे सरकते, घोटा आणि पोटरी दर पावलाला सावरत राहतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ही मेहनत उत्तम. त्यांना वरच्या वाळूतून पळू द्यावं. पासष्टीच्या पुढच्यांनी पाण्याच्या कडेची ओली पट्टी धरावी. ओल्या वाळूच्या कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतं, त्यामुळे पाऊल जेमतेम ठसा उमटवतं. मात्र ही पट्टी समुद्राकडे किंचित उतरती असते. एकाच दिशेने लांब चालत गेलं तर एका बाजूच्या कमरेवर ताण येतो. वीस मिनिटं जावं, वीस मिनिटं त्याच वाटेने परत यावं, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा वाटून मिळतो.

मुलांना पहिल्याच संध्याकाळी एक काम द्यावं. पाण्याच्या कडेला काठी रोवायची आणि दर दहा मिनिटांनी कड कुठे आली ते दुसऱ्या काठीने दाखवायचं. मुरुडसारख्या सपाट किनाऱ्यावर उतार साधारण पन्नासास एक धरला, तर पाणी फूटभर चढलं की कड पन्नास फूट पुढे येते. सव्वाचारनंतर पाणी वळलेलं असतं, तरी पहिला अर्धा तास काठ्या जवळजवळ एकाच जागी राहतात. मग अंतर वाढत जातं. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी. खडकांवर गेलेली माणसं अडकतात ती याच दोन तासांत, कारण आधीच्या तासात त्यांना पाणी हळू वाटलेलं असतं. काठ्या रोवणाऱ्या मुलाला हे एकदा दिसलं की वेगळं बजावावं लागत नाही.

मुलांच्या डोळ्यांसाठी बाहेरचा उजेडही महत्त्वाचा. घरातल्या दिव्याखाली ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, बाहेर सावलीतही त्याच्या कित्येक पट. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, तेव्हा तीन वर्षांत मायोपिया, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, सुरू होण्याचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. क्षितिजापर्यंत मोकळी नजर आणि भरपूर उजेड किनाऱ्यावर सहज मिळतो. चार दिवसांनी डोळे सुधारतात असं मात्र कुणी समजू नये. त्या मुलांना ती ४० मिनिटं तीन वर्षं, शाळेच्या रोजच्या दिवसात मिळाली होती.

दुसरा दिवस: महाशिवरात्र

चतुर्दशीची भरती साडेदहाला, म्हणजे सकाळी सातपासून पाणी चढतं असतं. पोहायची, खरं तर डुंबायची वेळ हीच. चढत्या पाण्यात लाट माणसाला किनाऱ्याकडे ढकलते. उतरत्या पाण्यात ओढ आत असते, आणि खाडीच्या मुखाशी तर फारच. हर्णै-आंजर्ल्याच्या मधे जोग नदीची खाडी मिळते, तिथे ओहोटीला पाण्यात उतरू नये. पाणी कितीही उथळ दिसलं तरी नाही.

साडेसात ते साडेआठ एवढा तास पुरे. लहान मुलांसाठी गुडघाभर पाणी ही हद्द, आणि प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा माणूस, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर. 'आम्ही सगळे बघतोय' या व्यवस्थेत नेमकं कुणीच बघत नसतं. पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं उभं राहून लाटा बघाव्यात. सगळीकडे लाट फुटते आहे आणि मधल्या एका पट्ट्यात फुटत नाही, पाणी तिथे गडद आणि शांत दिसतं, तर तो पट्टा आत ओढणाऱ्या प्रवाहाचा असतो. नवखी माणसं शांत पाणी म्हणून तीच जागा निवडतात. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, दम संपतो. उताणं तरंगावं, हात वर करून हाक मारावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन पट्ट्याबाहेर पडावं.

जेलीफिशचा डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवावं. गोड्या पाण्याने उरलेल्या डंखपेशी फुटतात. चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत, चोळू नये, वाळू घासू नये. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, तो भाग वीस मिनिटं ठेवावा. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या किंवा उलट्या सुरू झाल्या तर वेळ न घालवता दापोली गाठावी.

डुंबून झालं की आसूदला, व्याघ्रेश्वराच्या दर्शनाला. पोफळीच्या बागांतला गारवा आणि शिवरात्रीची गर्दी, दोन्ही असतं. लवकर गेलेलं बरं. उपास करणाऱ्यांनी एक सांभाळावं: रिकाम्या पोटी ऊन आणि घाम एकत्र आले की चक्कर येते. खिचडी आणि रताळी खाऊनच निघावं आणि कोकम सरबतात सैंधव घालावं. कवठाची चटणी इथल्या घरगुती खानावळीत आदल्या रात्री सांगून ठेवली तर मिळते.

दुपार घरात. हे आम्ही आग्रहाने सांगतो. सकाळी दहा ते चार किनारा सोडावा. अकराच्या सुमारास जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. त्याने अंग गार वाटतं, पण ऊन कमी झालेलं नसतं. मुलांची पाठ भाजते ती या फसव्या गारव्यात. सनस्क्रीन एसपीएफ तीसच्या वरचं, निघण्याआधी वीस मिनिटं, आणि दर दोन तासांनी किंवा पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. कानाच्या पाळ्या, मान आणि पावलांची वरची बाजू राहून जाते. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि पूर्ण बाह्यांचं सुती झबलं. पाणी तीन तासांना माणशी एक लिटर घ्यावं. वाटेत शहाळी मिळतात, पण ती या पाण्याच्या जागी मोजू नयेत.

साडेतीनला कर्द्यावरून लाडघर. मुरुडच्या वाळूत जे दिसत नाही ते लाडघरच्या खडकांत आणि गोट्यांत दिसतं. ओहोटी पावणेपाचला. नियम असा की पाणी उतरत असताना, ओहोटीच्या तास-दीड तास आधी त्याच्या मागोमाग खाली जायचं आणि पाणी वळलं की आपणही वळायचं. पायात मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल हव्यात. चपला निसटतात आणि अनवाणी पाय कालवांच्या धारेने कापतात. हिरवं शेवाळ दिसलं की पाऊल टाकू नये, खरखरीत काळा खडक धरावा.

खडकांतल्या डबक्याशी बसायचं आणि दोन मिनिटं हलायचं नाही. सावली पडली की सगळं लपतं. थांबलं की एकेक बाहेर येतं: शंखात घर केलेला खेकडा, फुलासारखे हात पसरलेलं समुद्रफूल, तळाच्या रंगाशी मिसळलेला छोटा मासा, खडकाला घट्ट बसलेली कालवं. दगड उलटायचा तर मोठ्या माणसाने, हळूच, आणि पाहून झाल्यावर होता तसाच ठेवायचा. उलटा राहिलेला दगड म्हणजे खालच्या जिवांना ऊन आणि वरच्यांना अंधार, दोन्ही मरतात. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर हात लावायचा नाही, त्यातल्या काही जाती विषारी दंश करतात. बादलीत काही गोळा करायचं नाही. बादलीभर पाणी उन्हात पटकन तापतं आणि त्यातला प्राणवायू संपतो.

लहान मुलांना एका जागी दोन मिनिटं शांत बसवणं घरात अवघड जातं. डबक्याशी ती दहा मिनिटं आपणहून बसतात, कारण हललं की खेकडा जातो. शेजारी आजीही तेवढीच स्तब्ध बसलेली असते आणि दोघं एकाच गोष्टीकडे बघत असतात. घरातल्या तीन पिढ्यांना एकत्र असं काही मिळण्याच्या जागा फार उरलेल्या नाहीत.

तिसरा दिवस: अमावास्या

सुवर्णदुर्गाला सकाळी आठची नाव धरावी, खारा वारा सुटायच्या आत. हर्णैच्या बंदरातून पंधरा-वीस मिनिटं लागतात. नावेत बसण्याआधी लाइफ जॅकेट अंगात घालून बघावं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली राहतं. मुलांच्या मापाचं नसेल तर ती नाव घेऊ नये. किल्ल्याला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी हर्णैच्या काठावरूनच किल्ला बघावा. आत सावली फार थोडी, खाण्यापिण्याची सोय नाही. दरवाज्याशी पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती मुलांना शोधायला लावावा. आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५५ साली पेशवे आणि इंग्रजांच्या आरमाराचा कमोडोर जेम्स यांनी मिळून ते तुळाजी आंग्र्यांकडून घेतलं. दीड तासात पाहून होतं.

दुपारी झोप. संध्याकाळी साडेचारला हर्णैचा लिलाव. पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूल असे ढीग वाळूवर लागतात आणि बोली झरझर चढते. मुलांना कडेला उभं करावं, डोक्यावर टोपल्या घेऊन येणाऱ्या बायकांच्या वाटेत नाही. घेण्याचा विचार असेल तर कल्ले लाल आणि डोळे फुगीर हवेत, दाबलेलं बोट उठल्यावर खळगा राहू नये. त्या दिवशी सामिष चालत नसेल तर नुसतं बघावं.

साडेपाचच्या ओहोटीला मुरुडच्या वाळूवर परत. पाणी हटलं की काही मिनिटांत वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटायला लागते. छोटे खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यावरचं अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. भरती यायच्या आधी ते बिळात शिरून दार बुजवतात. वर, सुक्या वाळूत मोठी बिळं दिसतात ती भूतखेकड्यांची.

वाळूचा किल्ला करायचा तर आठ भाग वाळूला एक भाग पाणी. किल्ला ढासळतो तो बहुधा पाणी जास्त झाल्याने. ओंजळीतून थेंब गळत असेल तर सुकी वाळू मिसळावी. खड्डा सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको. वाळूच्या भिंती न सांगता कोसळतात, आणि आत बसलेल्या मुलाला बाहेर काढणं मोठ्यांनाही जड जातं. निघताना खड्डे बुजवावेत, रात्री मादी कासव किनाऱ्यावर येऊ शकते. गाडी वाळूवर नेऊच नये. घरटी आणि खेकडे चिरडले जातात, आणि रुतलेली गाडी भरतीच्या आत निघाली नाही तर इंजिनात खारं पाणी शिरतं.

अमावास्येच्या अंधाराचा आणखी एक फायदा आहे. जेवणानंतर दिवे नसलेल्या बाजूला, घोट्याएवढ्या पाण्याच्या कडेला पंधरा मिनिटं टॉर्च बंद करून थांबावं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. थंडीच्या आणि फाल्गुनाच्या दिवसांत कधी कधी लाट फुटताना निळसर चमकते. पाण्यात मिलिमीटरहून लहान एकपेशीय जीव असतात आणि हलवलं की ते उजेड देतात. रोज दिसेलच असं नाही. नाही दिसलं तर आकाश असतंच.

या रात्री मुलं साडेनवाला झोपतात. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लवकर लागतं आणि रात्री झोपही लवकर येते. दोन दिवस सलग सकाळीच उजेडात बाहेर पडल्याचा हा परिणाम असतो.

चौथा दिवस: प्रतिपदा

पहाटे सहाला निघून हर्णै ओलांडून, खाडीच्या पुलावरून आंजर्ले. कासवांची पिल्लं सोडायची ती सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पिल्लं निघाली आहेत का हे आदल्या संध्याकाळी गावात विचारून घ्यावं, कारण घरटं उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि नेमका दिवस कुणालाच सांगता येत नाही. ऑलिव्ह रिडले जातीची मादी दीड फूट खोल खड्ड्यात शंभराच्या पुढेमागे अंडी घालून निघून जाते. कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवायला ती अंडी कुंपण घातलेल्या जागेत, तितक्याच खोलीवर पुन्हा पुरली जातात. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त निपजतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे काम सुरू केलं आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. आंजर्ल्यानेही ती वाट धरली.

पिल्लांना थेट पाण्यात सोडत नाहीत. काही मीटर वाळूवरून त्यांनी स्वतः चालत जायचं असतं. दोरीच्या मागे उभं राहावं, फ्लॅश नको, हात नको. दोरीपुढे पडलेला आपल्या पावलाचा ठसा पिल्लासाठी खड्डा असतो, त्यात ते उताणं पडतं. मुलांना पुढच्या रांगेत बसवावं, मोठ्यांनी मागे. बघता बघता मान वर करायची आठवण ठेवली तर सुरूच्या शेंड्यांवर समुद्रगरुडही दिसू शकतो.

कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेऊन दहाला मुरुडला परत, आणि आवराआवर. सँडल, बादल्या आणि गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी, मीठ राहिलं की गंज धरतो. ओले कपडे पिशवीत कोंबण्याआधी वाळू सुकू द्यावी. सुकलेली वाळू झटकली की पडते, ओली मात्र धुण्याच्या यंत्रात जाते. शंख-शिंपले किनाऱ्यावरच ठेवावेत. काही जाती १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि रिकामा शंख पुढच्या खेकड्याचं घर असतो.

इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. १२० मिनिटं एका दिवशी घेतली की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. मुंबईच्या कुटुंबाला हे दादर, गिरगाव किंवा जुहूला दर रविवारी जमतं, तिथी बघून वेळ बदलली की झालं; अष्टमीच्या रविवारी बागेत जावं. खडकांतले जीव बघायचे तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फेऱ्या काढतो. पुण्याच्या कुटुंबाने वर्षातून तीन खेपा धराव्यात: कार्तिक अमावास्या, माघ अमावास्या, आणि परीक्षा संपल्यावर चैत्र पौर्णिमा. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही. मासेमारीच्या यांत्रिक नावासुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असतात. मुक्कामाच्या घरी कार्तिकातली खोली निघतानाच सांगून ठेवावी, दिवाळीनंतरचे शनिवार-रविवार आधी भरतात.